बाबांचं दुसरं अर्थिंग

बाबांना देवापेक्षा अर्थिंगचा आधार जास्त वाटे. देवाला ते सणासुदीला हात जोडत, पण रुआबांधा वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमागे स्वतः खणलेल्या खड्ड्यात रोज सकाळी बादलीभर पाणी ओतत. खड्ड्याच्या तळाशी मीठ आणि कोळशात पुरलेला तांब्याचा पत्रा होता आणि तिथून एक हिरवी वायर खिडकीतून घरात यायची. वीज कुठे गळलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वायरीतून जमिनीत जावी, एवढंच तिचं काम. खरं तर क्वार्टरला मुळातच अर्थिंग होतं. हे दुसरं, बाबांचं घरचं. पोलादाच्या प्लांटमध्ये ते इलेक्ट्रिकल विभागात होते आणि तिथे प्रत्येक मोटरला दोन अर्थिंग देतात. एक तुटलं तर दुसरं असावं म्हणून. मोटरला जे मिळतं ते आपल्या फ्रिजला का मिळू नये, असा त्यांचा सरळ विचार होता. उन्हाळ्यात आई वैतागायची.

"माह्या मोगऱ्याले तांब्याभर पाणी नाही, अन् त्या खड्ड्याले बादली."

पत्त्यात अजून मध्य प्रदेश लिहायचे ते दिवस. मी कॉलेजात होते आणि हट्टाने घरी कॉम्प्युटर आणवला होता. स्पीकर कॅम्प-1 वस्तीतल्या एका दुकानात बनवून घेतले. त्यांचा ॲम्प्लिफायर लोखंडी डब्यात बसवलेला होता. लोखंड दिसल्यावर बाबा कुठले थांबतात? त्याच संध्याकाळी डब्याला स्क्रू बसला आणि स्क्रूला हिरवी वायर. स्पीकर पहिल्या दिवसापासून घूं करत होते. मी कुरकुर केली की बाबा म्हणायचे, "पंखा बी आवाज करते. त्याले काही म्हणतेस का?"

मग ताईची सीडी आली. माझी मोठी बहीण लग्न होऊन परदेशात गेली होती, तिकडेच तिला मुलगी झाली होती आणि आईने नातीला अजून फोटोतच पाहिलं होतं. फोनवर ती पोरगी तोंडाला कुलूप लावून बसायची. म्हणून ताईने तिचं घरातलं बोलणं रेकॉर्ड करून ओळखीच्या माणसाबरोबर सीडी धाडली. आईने बसायला पाट घेतला, पदर सावरला. मी सीडी लावली. आवाज फार हलका भरला गेला होता, म्हणून मी स्पीकर मोठे केले, तर घूंसुद्धा तेवढीच मोठी झाली.

"मले त ट्रकच आयकू येऊन राहिला," आई म्हणाली. ती स्पीकरला कान लावून पाहत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. मैत्रिणीकडून हेडफोन आणते म्हटलं, तर तेही नको. "मी एकटीच आयकू? तुह्या बाबाले नको?"

रविवारी बाबांनी मोहीम हाती घेतली. प्लांटमध्ये फॉल्ट शोधायची त्यांची एकच रीत होती: एकेक वस्तू बंद करायची आणि ऐकायचं. टेस्टर खिशाला लावून ते अगदी खुशीत होते. ट्यूबलाइट बंद केली, मग फ्रिज, कूलर, स्टॅबिलायझर. टीव्हीची केबल काढली. शेवटी घरात फक्त कॉम्प्युटर, स्पीकर आणि ती घूं उरली. आणि हिरवी वायर.

मी तिच्याकडे हात नेला.

"तिले हात लावू नको."

"बाबा, कॉम्प्युटर क्वार्टरच्या अर्थिंगवर आहे आणि डबा तुमच्या. मधे स्पीकरची वायर दोघांना जोडते आहे. दोन अर्थिंगच्या मधे करंट फिरतोय, तोच ऐकू येतोय. एक काढावंच लागेल."

"समजते मले," ते म्हणाले आणि बादली घेऊन मागे गेले. सकाळी पाणी घालून झालं होतं, तरी.

मी स्वयंपाकघरात जाऊन तणतणले. एवढा समजदार माणूस आणि एका वायरीपायी हट्ट! आईने मला बोलू दिलं. मग पोळी तव्यावरून उतरवून म्हणाली, "लग्नाच्या आधी ते कॅम्प-1 मधे गावच्या एका मित्रासंग राहत. लोखंडी टेबलफॅन होता. मित्र आंघोळ करून आला अन् ओल्या हातानं पंखा आपल्याकडं वळवाले गेला. हे तिथंच बसले होते, जेवत."

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. इस्त्रीला, कूलरला, माझ्या स्पीकरला बाबांनी वायर का बांधली, ते कळलं आणि मला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली. वायरीबद्दल पुन्हा बोलायचं नाही असं मी ठरवलं. आईने तर ते आधीच ठरवलं होतं. "लेकरू येईनच कधी न कधी. तवा आयकू," असं म्हणत तिने सीडी पदराने पुसली आणि पाकिटात घातली.

बाबा मागच्या दारात रिकामी बादली घेऊन उभे होते. त्यांनी ते पाहिलं.

थोड्या वेळाने ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. आम्हा दोघींना आधी चपला घालायला लावल्या. आईचा पाट टेबलापासून दूर सरकवला. मेन बंद करून त्यांनी स्क्रू सोडवला, वायरीच्या टोकाला टेप गुंडाळली, त्यावर आणखी एकदा गुंडाळली. मग बाहेर जाऊन मेन चालू केला.

मी सीडी लावली. खोलीत शांतता होती. त्या शांततेत एका लहान जिवाचा श्वास ऐकू आला, ताईची कुजबूज आली, "बोल नं, बोल," आणि मग ती पोरगी नुसतीच खळखळून हसली. आईने तोंडावर हात धरला. ती हसत होती आणि रडतही होती.

"अहो, या नं इकडं. आयका तरी," तिने हाक मारली.

मी व्हरांड्याकडे पाहिलं. बाबा मीटरखाली उभे होते. त्यांचा हात मेनच्या दांड्यावर होता आणि नजर आईच्या हातांवर.

"तू आयक," ते म्हणाले. "मले इथून आयकू येऊन राहिलं."

आईने सीडी पुन्हा लावायला सांगितली, मग पुन्हा. नात हसत राहिली, आणि बाबा दांड्यावरचा हात न काढता तिथूनच ऐकत राहिले.