अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं

गावी, सुर्ल्याच्या आमच्या घरासमोर गाडी उभी होती आणि बाबा तुळशीपुढे नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घालत होते. "बा देवा म्हाराजा, आमचो पूत आज परमुलखात वता. खंय वाट चुकलो जाल्यार वाटेर हाड, आनी सुखरूप परत घरा हाड, रे म्हाराजा!" आई आणि मी म्हणालो, "व्हय म्हाराजा!" खनिजाचा ट्रक चालवून बाबांच्या छातीत लाल धूळ बसली होती, तरी तेव्हा ते सगळं एका दमात म्हणायचे. मला विमानाची घाई, आणि शेजाऱ्यांसमोर थोडी लाजही.

जर्मनीत आता चौदा वर्षं झाली. दोन-तीन अणूंच्या चिमुकल्या रेणूंवर लेझरचा प्रकाश सोडायचा आणि त्यातला कुठला रंग ते गिळतात ते बघायचं, हा माझा धंदा. रेणू कसा थरथरतो, कशी गिरकी घेतो, ते त्यावरून कळतं. हे रेणू भरलेल्या काचेच्या नळीत माणसाचा श्वासही शिरून चालत नाही, त्यातली वाफ मोजणी बिघडवते. बाबांना हे समजावलं तेव्हा ते हसले. "म्हणजे तूंय गाऱ्हाणींच घालता. तुका जाप तरी मेळटा!" उत्तर मिळायचं, हे खरं. नवा प्रयोग लागला की ते फोनवरून गाऱ्हाणं घालायचे आणि मी प्रयोगशाळेतून ओ द्यायचो. गाव सोडून बाहेर पडलेल्या तुम्हा सगळ्यांचं असंच काहीतरी चालत असणार.

शेवटच्या फोनच्या वेळी बाबा खाटेवर होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. "वाटेर हाड"पर्यंत आले आणि त्यांना दम लागला. इकडे डिटेक्टर थंड ठेवणारा द्रवरूप नायट्रोजन उडून चालला होता. मी मध्येच "व्हय म्हाराजा" म्हणून टाकलं.

"अरे, म्हजें सोंपूंक ना अजून."

"उद्या, बाबा," म्हणत मी फोन ठेवला. पहाटे ते गेले. त्या दिवशीचा आलेख फार सुंदर आला होता. तो मी कुणालाच दाखवलेला नाही. लाज वाटते.

गेल्या महिन्यात सुर्ल्याहून निघताना आईने नारळ माझ्या हातात दिला. "आतां तूंच घाल." शब्द तोंडपाठ होते. "वाटेर हाड" म्हणालो आणि तिथेच अडलो. परत आण म्हणू कुठल्या तोंडाने? मी कायमचा परतणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही. मध्येच "व्हय म्हाराजा" म्हणून ती मला सोडवू शकली असती. पण माझं संपलं नव्हतं, म्हणून ती हात जोडून थांबली. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. घर म्हटलं की आता मला तेवढंच दिसतं, तुळशीपुढे थांबलेली आई.