ऑलरक्लफच्या झऱ्यावरचं कोरं आभाळ

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगरातल्या ऑलरक्लफ गावात म्युरिएल रॅग लग्न होऊन आली आणि त्याच उन्हाळ्यात सासूने तिला झऱ्याच्या कामाला बसवलं. चर्चखालचा तो झरा शेजारची गावं कोरडी पडली तरी कधी आटला नव्हता. म्हणून दर जूनमध्ये त्याचे आभार मानायचे, ही गावची रीत. मोठ्या लाकडी चौकटीत ओली चिकणमाती थापायची, तिच्यावर बायबलमधला एखादा प्रसंग रेखायचा, फुलांच्या पाकळ्यांनी भरायचा आणि झऱ्यावर उभा करायचा. आठवडाभरात पाकळ्या काळ्या पडत, माती तडके आणि सगळं उकिरड्यावर जाई.

सासू गेली तशी चौकट म्युरिएलच्या गळ्यात पडली, ती कायमचीच. तिचा नवरा पर्सी दगडाच्या खाणीत होता. तो एका वर्षी मे महिन्यात वारला, तरी जूनमध्ये ती पाकळ्या लावायला बसली होती. लोकांनी तेव्हा तिचं फार कौतुक केलं. ती सुन्न होती, आणि नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पूर्वी या कामाला शाळेची खोली बायकांनी भरून जायची. नंतर शाळा बंद पडली, तिचं कुणाचं तरी सुट्टीतलं घर झालं. यंदा धाकटा दीर क्लेम याच्या गोठ्यात तिघंच होती: म्युरिएल, क्लेम आणि शेजारीण डोरीन. त्यातही दुसऱ्या दिवशी डोरीनच्या मुलीला शेफील्डच्या दवाखान्यात हलवल्याचा फोन आला.

"जा गं, इथं काय अडतंय!" म्युरिएल म्हणाली. डोरीन गेली आणि सगळंच अडलं.

चित्र बायबलातल्या प्रलयाचं, नोहाच्या नौकेचं होतं. पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून पाकळ्या कौलांसारख्या खालून वर लावत जायच्या. समुद्र झाला, नौका झाली. म्युरिएलची बोटं सांध्यांत सुजली होती. पाकळी चिमटीत धरली की कळ थेट कोपरापर्यंत जाई. क्लेम शेवाळ चांगलं दाबायचा, पण पाकळी त्याच्या जाड बोटांना चिकटायची ती सुटायचीच नाही.

"तू मेंढ्याच राख," ती वैतागून म्हणाली.

"मेंढ्या निदान अंगावर ओरडत नाहीत," क्लेम म्हणाला. तरी तो उठला नाही.

तेवढ्यात प्रेस्कॉटसाहेब आले. लंडनहून निवृत्त होऊन आलेले, गावच्या वारसा समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता.

"मिसेस रॅग, ही परंपरा टिकायलाच हवी बघा!"

"मग बसा ना. डोरीनचं स्टूल रिकामंच आहे."

ते खरंच बसले. तासभर मन लावून त्यांनी चित्रातली एक मेंढी भरली. ती बरीचशी डुकरासारखी दिसत होती, पण म्युरिएलने ती तशीच ठेवली. मग कंबर धरून ते उठले, उद्या येतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आले.

चौकट उभी करायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्यांची टोपली भरलेली होती आणि आभाळ सगळं बाकी होतं. म्युरिएलने हात मांडीवर ठेवले.

"क्लेम, आता नाही होत माझ्याच्यानं."

"जरा चहा घे, मग बघू."

"चहानं काय होणार? मी यंदापुरतं नाही म्हणत रे. मला पुढंही नको हे."

क्लेमने टोपलीतल्या पाकळ्या उगाच चाळवल्या. "आई असती तर..." तो म्हणाला.

"आई असत्या तर त्यांना बसवलं असतं मी, आणि घरी जाऊन झोपले असते."

क्लेमला हसू फुटलं, मग डोळे पुसावे लागले. सकाळी चौकट होती तशीच झऱ्यावर उभी राहिली: खाली भरलेला समुद्र, वर कोरी राखाडी माती. बँड वाजला. फोटो काढणारी एक बाई म्युरिएलजवळ येऊन म्हणाली, "प्रलयाचं आभाळ किती विचार करून मोकळं सोडलंय तुम्ही!"

"विचार कसला बाई, हात दुखले."

प्रार्थना म्हणायला आलेल्या पाद्रीणबाई रोवेना बॅगशॉ यांच्याकडे आसपासच्या बऱ्याच गावांची चर्चं होती. आशीर्वाद देऊन झाल्यावर त्या धाडकन म्युरिएलशेजारी बाकावर बसल्या आणि झग्याखालून त्यांनी सँडविच काढलं.

"अर्धं घेता? सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

"अजून कुठं जायचंय?"

"दोन गावं राहिलीत. तुम्ही आता घरी जाल ना?"

"हो. पुढच्या वर्षीही घरीच असेन, सांगून ठेवते."

म्युरिएलला वाटलं, आता समजूत घालतील. बाईंनी घास गिळला. "बरं करताय," त्या म्हणाल्या, "मला जमत नाही ते." मग दोघींनी अर्धं अर्धं सँडविच संपवलं.

पुढच्या जूनमध्ये झऱ्यावर काहीच उभं राहिलं नाही. प्रेस्कॉटसाहेबांनी माणसं शोधली, मिळाली नाहीत. त्या रविवारी म्युरिएल झऱ्यावरून गेली तेव्हा दगडावर कुणीतरी बरणीत रानफुलं ठेवलेली दिसली. तिने क्लेमला विचारलं. तो म्हणाला, मला काय माहीत, आणि मेंढ्यांकडे निघून गेला.