प्लगवरची पांढरी रेघ

बांधकामांवर तिला सगळे टँकरताई म्हणतात. वय सत्तेचाळीस, आवाज खणखणीत, डावं मनगट किंचित वाकडं. ते टँकरच्या झाकणाखाली सापडून मोडलं आणि जुळताना चुकीचं जुळलं. तेव्हापासून त्या हातात जोर नाही. ओला टॉवेलसुद्धा ती नळाला गुंडाळून उजव्या हाताने पिळते. तरीही वडिलांचा जुना ट्रॅक्टर आणि मागे पाण्याने भरलेला टँकर घेऊन ती अर्धवट इमारतींच्या गल्ल्यांतून रोज फिरते. ते जमतं, कारण ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग आहे. इंजिनच्या कुशीला बसवलेला, दोन मुठींएवढा पंप तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने चाकं हलक्या हाताने वळतात. पंप गेला की आपला धंदा गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गॅरेज दादाला आणि ट्रॅक्टर धाकटीला, ही वाटणी वडिलांनी हयातीतच केली होती. काम दोघांनाही त्यांनीच शिकवलं. त्यांची एक शिस्त होती. नट किंवा भोक बंद करणारा आट्यांचा प्लग पक्का आवळला की त्याच्यावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. कोणी आवळलं तेही कळावं म्हणून रंग वाटून दिलेले: स्वतःला लाल, दादाला पांढरा, हिला पिवळा. रेघ ओढली म्हणजे सही केली, असं ते म्हणत. तिचं मनगट मोडल्यापासून आवळायची कामं दादाकडे गेली आणि ट्रॅक्टरभर पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. लाल रेघ उरली ती फक्त पंपावर. तो वडिलांनंतर कोणी उघडलाच नव्हता.

पंपाच्या दांड्याशी तेल झिरपू लागलं, तेव्हा तिने ट्रॅक्टर दादाच्या गॅरेजात सोडला. परत मिळाला तेव्हा तेल पुसलेलं होतं, पंपाची तेलटाकी भरलेली होती आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. शेवटी शेवटी असंच होतं, दादा म्हणाला. पंप आपण उघडलाच नाही, असंही तो म्हणाला. उघडून काय करायचं, आतलं सगळं झिजलंय हे आवाजावरूनच कळतं. या मॉडेलचे पंप कंपनीने कधीच बंद केले आणि दुसरा जुळवून बसवायचा तर त्या खर्चात अर्धा ट्रॅक्टर येईल. "ठमे," तो म्हणाला, "या पंपापेक्षा तुझे गुडघे जास्त चालतील." ती हसली होती.

दुसऱ्याच दिवशी एका वळणावर चाक तिला आवरलं नाही. भरलेला टँकर कुंपणाच्या भिंतीला घासत गेला आणि ट्रॅक्टरचं मडगार्ड आत दबलं. भिंतीपलीकडे गवंडी जेवायला बसले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, ताई, आज पाणी थेट ताटात वाढणार होतात की काय. बाकीचे हसले. मडगार्डचा पोचा दादानेच ठोकून सरळ केला. ठोकता ठोकता त्याने विषय काढला: वहिनीचा भाऊ ट्रॅक्टर घ्यायला तयार आहे. वस्तू घरातच राहील. तू गॅरेजात काउंटरवर बस, उन्हातान्हात मरण्यापेक्षा बरं. ती होकार देणार होती.

पण एका प्लंबरने तिला सांगितलं की असे पंप नवे घ्यावे लागत नाहीत, आतले भाग बदलून पुन्हा भरून मिळतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पंपवाला तेवढंच काम करतो. तिने शेजारच्या मेकॅनिककडून पंप उतरवून घेतला आणि पिशवीत घातला. दादाला सांगितलं, चष्म्याचा नंबर तपासायला चाललेय. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलले, याचं तिला वाटेत वाईट वाटत होतं.

पंपवाल्याने पंप उघडला. आतले दोन्ही गिअर पुसले आणि ते जिथे फिरतात त्या जागेवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं तर पंप भंगारात. अडकलं नाही. तेल गळत होतं ते फक्त रबरी सील कडक झाल्यामुळे. सीलचा संच त्याच्याकडे होता, किंमत टँकरच्या एका खेपेइतकी. मग दाब का नाही, हे बघायला त्याने बाजूचा प्लग काढला. त्यामागची स्प्रिंग दाब धरून ठेवते. ती त्याने खणातल्या तशाच दुसऱ्या स्प्रिंगशेजारी उभी केली. पंपातली बोटाच्या पेराभराने आखूड होती.

"कापलीय कोणीतरी," तो म्हणाला. "ग्राइंडरने. तापून टोक निळं पडलंय बघा. कोणी उघडला होता?"

कोणीच नाही, असं ती म्हणाली. मग तिने प्लग हातात घेतला. लाल रेघ खरवडलेली होती. तिच्या जागी ताजी, सरळ, पांढरी रेघ होती.

नवी स्प्रिंग आणि नवे सील घालून पंप त्याच दिवशी ट्रॅक्टरवर बसला. ती दादाच्या गॅरेजात शिरली ती उजव्या हाताच्या दोन बोटांनी चाक फिरवत. जुना प्लग तिने पंपवाल्याकडून बदलून घेतला होता. तो तिने दादाच्या टेबलावर ठेवला.

"उघडला नव्हतास ना?"

दादाने प्लग उचलून रेघेवरून अंगठा फिरवला. "रेघ सवयीने ओढली गेली," तो म्हणाला.

"आणि स्प्रिंग?"

मग त्याने सांगून टाकलं. मेहुण्याला शब्द देऊन बसलो होतो. ट्रॅक्टर चालता असता तर तू कधी विकलाच नसतास. शिवाय तुझा हात असा...

"हाताचं नाव काढू नकोस," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे माणसं जेवत होती. पोचा तूच काढलास."

दादाने फडक्याला हात पुसले. हात आधीच स्वच्छ होते. ती निघाली तेव्हा त्याने सवयीने फाटक उघडून धरलं.

त्यानंतर तिने टँकर बंद ठेवला आणि घरासमोर ट्रॅक्टर उभा करून पान्याला लांब पाइप लावला. उजव्या हाताने, अंगाचा भार टाकून, पांढरी रेघ असलेला एकेक नट तपासायला घेतला. चाकांचे, ब्रेकचे, टँकरच्या जोडणीचे. प्रत्येक नट सैल करायचा, पुन्हा आवळायचा, पांढरी रेघ पुसून पिवळी ओढायची. एखादा तरी ढिला निघेल अशी तिची खात्री होती. काम उरकलं तेव्हा रंगाची डबी तळाला गेली होती. एकही नट ढिला निघाला नव्हता.