दातारांचा रविवारचा तास

न्यूनेन या डच गावातल्या प्रकाश दातारांचा चेहरा फारसा कुणाला ओळखू येत नसे, आवाज मात्र सगळ्यांना यायचा. आइंडहोवनच्या बाजारात भेंडी निवडताना ते शैलाताईंना नुसतं "ही जून आहे गं" म्हणाले, तरी शेजारची एखादी मराठी बाई वळून बघायची आणि विचारायची, "रविवारचे दातार ना तुम्ही?" दातार मान हलवायचे. आवडायचं त्यांना ते. फक्त आवडलेलं दाखवायचं नाही, असा त्यांचा स्वभाव होता.

पेशाने ते इंजिनिअर. पुण्याहून इथे आले तेव्हा तिशी उलटली होती. रेडिओच्या भानगडीत पडले ते बायकोमुळे. गावाजवळच्या छोट्या रेडिओ केंद्राने बाहेरून आलेल्या लोकांच्या भाषांना आठवड्यातून एकेक तास द्यायचं ठरवलं. सगळा कारभार स्वयंसेवकांचा, पगार कुणालाच नाही. केंद्राचे प्रमुख विम म्हणून एक निवृत्त डच गृहस्थ होते, त्यांना शैलाताई जाऊन भेटल्या आणि रविवारी सकाळचा तास मराठीसाठी मिळवला. बेत साधा होता. शैलाताई दोन वाक्यं बोलणार आणि प्रकाशराव गाणी लावणार.

मग एका रविवारी शैलाताईंचा घसा बसला आणि नेमकी त्याच दिवशी सीडी अडकली. रेडिओवर शांतता पसरली, की विम काचेपलीकडून दोन्ही हात हलवू लागत. दातारांनी माईक ओढला आणि सुचेल ते बोलायला लागले. आदल्या दिवशी एका घरी जेवायला गेले होते. तिथल्या मुलांनी पाहुणे पानावर असतानाच आपापली ताटं उचलून खोलीत नेली होती. त्यावरून ते पाचदहा मिनिटं बोलले. एकत्र जेवणं म्हणजे काय, मोठ्यांच्या आधी उठू नये असं आपल्याला का शिकवलं. सीडी सुरू झाली तरी फोन वाजतच राहिले. कुणाला गाणं नको होतं. सगळ्यांना ताटांबद्दल बोलायचं होतं.

तिथून गाणी कमी होत गेली आणि दातार वाढत गेले.

त्यांची मतं जुन्या वळणाची होती आणि ते ती लपवत नसत. घर आधी, बाकी नंतर. मुलांनी आईबापांशी मराठीतच बोललं पाहिजे. लग्न झाल्याशिवाय संसार मांडू नये. हॉल शनिवारी स्वस्त मिळतो म्हणून गणपती शनिवारी बसवण्यावर त्यांनी एकदा अख्खा तास घेतला. "तिथी हॉलच्या मालकाला विचारून ठरवायची का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा दोन मंडळं वर्षभर त्यांच्याशी बोलेनाशी झाली आणि तिसऱ्याने पुढच्या वर्षी गणपती तिथीला बसवला. कार्यक्रम ऐकणारे बरेच जण त्यांच्या मताचे नव्हतेच. पण नवरा ऑफिसला आणि मुलं शाळेत गेल्यावर आठवडाभर घरात एकटी असणारी बाई, किंवा तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले आणि खिडकीतून सायकली मोजत बसलेले सासूसासरे, यांना कुणीतरी ठासून मराठीत बोलतंय, हेच पुष्कळ होतं.

ठासून बोलणाऱ्याला उलट बोलणारा भेटला तो आर्नहेमहून. तिथपर्यंत केंद्राच्या लहरी पोचत नसत, तो इंटरनेटवरून ऐकायचा. दातार त्या दिवशी आपल्या संस्कृतीवर बोलत होते. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मी बळवंत गजभिये. मूळचा नागपूरचा, बौद्ध आहे. इथे वीजवाहिन्यांचं काम बघतो. तुम्ही मघापासून 'आपली' म्हणताय, त्यात मी आहे का, एवढंच विचारायचं होतं."

दातार म्हणाले, "तुम्ही मराठी आहात, म्हणजे आहातच."

"मग तुमच्या कार्यक्रमात आजवर माझ्या घरातलं काहीच कसं आलं नाही?"

ते राहूनच गेलं, हे दातारांनी कबूल केलं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करायला सांगितलं. बळवंतनी केला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात केला. हळूहळू कार्यक्रमाचा शेवटचा भाग त्या दोघांचाच झाला. दातार मत मांडायचे आणि बळवंत त्याचा एकेक टाका उसवायचे. आवाज कुणीच चढवायचं नाही. कधी दातार हरायचे, हे ऐकणाऱ्यांना कळायचं, त्यांनाही कळायचं. लोक म्हणायचे, भांडण ऐकायला लावतो आम्ही रेडिओ. पण ते भांडण नव्हतं. चौदा-पंधरा वर्षं दर रविवारी एखाद्या माणसाचा आवाज ऐकणं, याला काय म्हणतात ते दातारांना सांगता आलं नसतं. प्रत्यक्षात ते दोघे जेमतेम तीनदा भेटले होते, तेही कुणाच्या तरी कार्यक्रमात, कागदी थाळ्या हातात धरून.

मग ती गोष्ट घडली. एका दिवाळीच्या जेवणात दातारांच्या कानावर आलं, की आपल्यातली एक शिकलेली मुलगी उत्रेख्तला एका डच मुलाबरोबर लग्नावाचून राहते, आणि आईवडील सुट्टीच्या दिवशी खुशाल तिथे जेवायला जातात. मुलगी कोण, आईवडील कोण, हे सांगणाऱ्याने सांगितलं नाही आणि दातारांनी विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी तोच विषय घेतला. नाव घ्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. बाकी काही राखून ठेवलं नाही. "मुलगी तसलं राहते," ते म्हणाले, "ते एक सोडा. तरुण आहे. पण त्या आईबापांच्या घशाखाली तिथला घास उतरतो कसा?"

त्या दिवशी शेवटच्या भागात आर्नहेमचा फोन आला नाही. दातारांना वाटलं, कुठे बाहेर गेले असतील. पुढच्या रविवारीही आला नाही. तिसऱ्या रविवारी दातारांचं बोलण्यात लक्ष नव्हतं, ते सारखे फोनच्या दिव्याकडे बघत होते. घरी आल्यावर शैलाताईंनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ती गजभियांची शर्वरी होती. मी तिच्या आईला, शांताताईंना, फोन केला होता."

दातारांचा चहा तसाच राहिला.

"आपल्याला मूल नाही," शैलाताई पुढे म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही लोकांना मुलं कशी वाढवायची ते सांगता. गजभियांनी एकदाही ते काढलं नाही. दुसऱ्या कुणी पहिल्याच दिवशी काढलं असतं."

हे खरं होतं. आणि दातारांनी आजवर त्याचा विचारच केला नव्हता.

पुढच्या शनिवारी दोघं आगगाडीने आर्नहेमला गेले. आधी फोन करून विचारलं होतं, आणि शांताताईंनी "या" एवढंच म्हटलं होतं. शर्वरीही आलेली होती. ती सोफ्याच्या टोकाला बसली होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, वडिलांसारखीच शांत. दातारांनी येताना मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. मतभेद, तत्त्व, व्यक्ती आणि प्रवृत्ती यांतला फरक वगैरे. बळवंतनी त्यातलं काहीच बोलू दिलं नाही.

"तुमचं मत मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही ते बदलावं म्हणून मी बोलत नाही. मी इतकी वर्षं तुम्हाला फोन केला, कारण तुम्ही जे बोलायचात ते समोर बोलायचात. त्या दिवशी तुम्ही पाठीमागे बोललात."

"मला माहीत नव्हतं ती तुमची..."

"माझी नसती तर चाललं असतं का?"

दातार म्हणाले, "नाही. चुकलं माझं." आयुष्यात हे शब्द त्यांनी फार कमी वेळा वापरले होते, आणि ते किती लहान आहेत याचं त्यांना तेव्हा नवल वाटलं. रेडिओवरही तसं सांगेन, असं ते पुढे म्हणाले.

शर्वरी पहिल्यांदाच बोलली. तिचं मराठी अडखळत यायचं, प्रत्येक शब्द आधी तपासून घेतल्यासारखं. "काका, तुम्ही सॉरी म्हणू नका. तुम्ही माझ्याविषयी बोललात, आता मला बोलू द्या. रेडिओवर."

शांताताईंना ते मुळीच पटलं नाही. झालं तेवढं पुरे, उगाच चार लोकांत आणखी चर्चा कशाला, असं त्यांचं म्हणणं. बळवंत मुलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, तिला ठरवू दे.

ती आली त्या रविवारी विम नेहमीसारखे काचेपलीकडे होते. ठरलं असं होतं, की शर्वरी तिला जमेल तेवढं मराठी बोलेल, अडेल तिथे डचमध्ये सांगेल आणि दातार ते मराठीत सांगतील. दोन वाक्यांतच तिचं मराठी संपलं. मनातलं नीट सांगायचं तर डचच हवी होती. ती बोलू लागली आणि दातार सांगू लागले. आधी ते "ती म्हणते की" असं करून सांगत होते. पण तिचं बोलणं वेगात आलं, वाक्यामागून वाक्य, आणि दर वेळी "ती म्हणते" जोडायला सवड राहिली नाही. कधी ते गळून पडलं, हे दातारांना कळलंच नाही.

"मी बारा वर्षांची असल्यापासून बाबा दर रविवारी तुम्हाला फोन करतात," दातारांच्या त्या भरदार आवाजात शर्वरी सांगत होती. "मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे. मला निम्मं कळायचं नाही. पण न ओरडता वाद घालता येतो, हे मी तिथून शिकले. मी हेयसच्या घरी राहायला जाणार, हे मी आईबाबांना समोर बसून सांगितलं. लपवलं नाही. आम्ही नोटरीकडे जाऊन करार केलाय. एक आजारी पडला तर दुसरा बघेल, हे त्यात लिहिलंय. आई पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा दारात रडली. मग आत आली."

मग ती 'सामेनवोनेन' म्हणाली. लग्नाशिवाय एका घरात राहण्यासाठी इथे हा रोजचा शब्द आहे, कुणाची भुवईसुद्धा हलत नाही. दातार अडले. आजवर ते याला 'तसलं राहणं' म्हणत आले होते. ते आत्ता तोंडातून निघेना, कारण आत्ता ते 'मी' म्हणून बोलत होते. शर्वरी थांबून त्यांच्याकडे बघत होती. शेवटी ते म्हणाले, "आम्ही एकत्र राहतो."

एकत्र राहावं, घर मोडू नये, हे सांगण्यात त्यांची इतकी वर्षं गेली होती. तो शब्द आता दुसरीकडेच जाऊन बसला. तिथे तो खोटाही वाटेना, हे त्यांना खटकत राहिलं.

तिचं संपल्यावर दातारांनी आपल्या वतीने माफी मागितली. माझं मत अजून तेच आहे, हेही सांगितलं. लग्नाने जे बांधलं जातं, ते करारात मावत नाही असं मला वाटतं, आणि मी ते म्हणत राहीन. पण यापुढे जो माणूस इथे बसलेला नाही, त्याच्याबद्दल मी बोलणार नाही. शेवटच्या भागात फोनचा दिवा लागला. आर्नहेमचा होता. करार आणि लग्न यांत काय मावतं नि काय मावत नाही, यावर दोघं वेळ संपेपर्यंत वाद घालत बसले.

त्यानंतरचे महिने सोपे गेले नाहीत. जुने श्रोते नाराज झाले. दातार घसरले, असं काहींनी सरळ तोंडावर सांगितलं. तरुणांपैकी काहींना वाटलं, आता ते आपले झाले. पुढच्याच आठवड्यात मुलांच्या डच बोलण्यावर त्यांनी पूर्वीसारखीच झोड उठवली, तेव्हा तेही नाराज झाले. ॲमस्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचा मुलगा ऋषभ दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. शर्वरीचं केलंत तसं आमचं करा, असं ते म्हणाले. दातार ॲमस्टरडॅमला गेले, दोघांच्या मध्ये बसले. मुलाने थोडा वेळ ऐकून घेतलं, मग जाकीट चढवून तो सायकलवरून निघून गेला. वडील म्हणाले, तुम्ही नीट सांगितलं नाहीत. दातारांनी परतीच्या गाडीत त्यावर पुष्कळ विचार केला. मुलाची बाजू सांगायला आधी मुलाने काही बोलायलाच हवं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

आता आजूबाजूची छोटी केंद्रं मिळून एक मोठं केंद्र झालं आहे. त्यात मराठीचा तास बसला नाही. कार्यक्रम इंटरनेटवर गेला, पंधरवड्यातून एकदा असतो आणि त्याची तांत्रिक बाजू गुंजन नावाची एक मुलगी सांभाळते. तिला दातारांची मतं पटत नाहीत, आणि ते ती लपवत नाही. दातार नोकरीतून निवृत्त झाले आहेत. बळवंत हिवाळाभर नागपूरला असतात, तेव्हा फोन येत नाही.

अशा वेळी दातार शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून आधी विरुद्ध बाजू लिहून काढतात, आपली नंतर. परवाचा विषय होता, भारतातल्या म्हाताऱ्या आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं का. दातारांचं मत सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी दोन पानं लिहिली, ठेवणाऱ्या मुलाची बाजू म्हणून, आणि शैलाताईंना वाचायला दिली. शैलाताईंनी चष्मा लावून सावकाश वाचली.

"हे तुम्हीच बोलताय," त्या म्हणाल्या. "असा मुलगा असं बोलणार नाही."

दातारांनी पानं परत घेतली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला लागले.