निळ्या खडूची फुली

ज्यांना हे वाचून हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्यावं. हसणाऱ्यांची मला सवय आहे.

आमच्या घरात देव्हारा नव्हता, अंगारा नव्हता. आज्यानं धम्म स्वीकारला तेव्हाच भूत, भानामती, नवस... सगळं घराबाहेर गेलं. शेजारच्या बाईच्या अंगात आलं की बाबा शिलाई मशीन चालवता चालवताच मला म्हणायचे, "उपाशी असन ते. भाकर नेऊन दे तिले." अशा घरातली मी. म्हणून हे लिहायला मला वर्ष लागलं.

बाबा टेलर होते. राळेगावच्या बाजारात, एका कापडवाल्याच्या ओट्यावर त्यांचं मशीन. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, मग डॉक्टर, मग एमडी. यवतमाळात, लोहाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात — नाव लिहिणार नाही — मी आयसीयू बघते, आणि व्हेंटिलेटरमुळं फुप्फुसाला होणाऱ्या इजेवर संशोधन करते.

लोकांना वाटतं, मशीन लावलं म्हणजे जीव वाचला. वाचतोही. पण तेच मशीन गरजेपेक्षा मोठा श्वास देत राहिलं तर आजारी फुप्फुस आतून फाटत जातं. श्वास किती द्यायचा ते वजनावर नाही, उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही. आणि बेशुद्ध पडलेल्या माणसाची उंची सहसा कुणी मोजत नाही. नुसतं बघतात आणि लिहून टाकतात. माझं सगळं भांडण या "नुसतं बघून लिहिण्या"शी आहे.

हे मी कॉलेजात शिकले नाही. बाबा नजरेनं कधीच माप घेत नसत. दहा वर्षं ओळखीची बाई असली तरी टेप लावणारच. कापडावर निळ्या खडूनं रेघ मारायचे, आणि शंका आली की रेघेशेजारी एक छोटी फुली, फुलीभोवती गोल. म्हणजे — कात्री लावू नको, पुन्हा माप. ही खूण त्यांची स्वतःची. दुसऱ्या कुठल्या टेलरकडं मी ती पाहिली नाही.

मी वॉर्डात टेप घेऊन फिरते म्हणून आमचे सीनियर सर मला "टेलर मॅडम" म्हणायचे. एकदा राउंडला सगळ्यांसमोर म्हणाले, "काय टेलर मॅडम, या पेशंटला फुल बाही का हाफ?"

मी म्हटलं, "सर, बाही चुकली तर उसवून परत शिवता येते. याचं फुप्फुस उसवलं तर कोण शिवणार?"

त्यानंतर बाहीचा जोक बंद झाला. टेलर मॅडम मात्र राहिलं. राहू दे. टेलरचीच आहे मी.

तर, मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. राळेगाव तालुक्यातल्याच यमुनाबाई दाखल झाल्या. पन्नाशीच्या, न्यूमोनिया, एक्स-रेत दोन्ही बाजू पांढऱ्या. आणल्या आणल्या व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. सोबत त्यांची मुलगी कांता. तिनं मला ओळखलं.

"मॅडम, तुमी बाजारातल्या टेलरच्या ना? माह्या मायचे ब्लाऊज तेच शिवत."

मी हो म्हटलं.

"मंग मायले तुमीच पाहा. दुसऱ्याच्या हातात देऊ नका."

उंची मोजायला गेले तर वॉर्डाचा टेप जागेवर नाही. माझ्या पर्समध्ये बाबांचा कापडी टेप असतो. बाबा जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून तो माझ्याजवळच आहे. सर समोर होते. मी मुद्दाम तोच काढला. टाचेपासून डोक्याकडं ताणला, एक पूर्ण टेप झाला. वर राहिलेलं पट्टीनं मोजलं, दहा भरलं. टेलरचा टेप दीडशे सेंटीमीटरचा असतो हे मला झोपेतही माहीत आहे. फाइलवर लिहिलं, एकशेसाठ. त्या हिशेबानं श्वास लावला, तीनशेदहा मिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हाल सुरू झाले. मशीनचा प्रेशरचा अलार्म थांबेना, ऑक्सिजन घसरत चाललेला. सर बघून म्हणाले, "लंगच खराब आहे. नातेवाइकांना कल्पना देऊन ठेवा." मलाही तसंच वाटलं. माप तर मी स्वतः घेतलं होतं ना...

बाहेर बाकावर कांता बसली होती.

"तब्येत बरी नाही त्यांची," मी म्हटलं.

"मंग नेऊ का मायले घरी?"

"नाही. अजून नाही."

"मंग तुमी अशा काहून पाहून राह्यल्या माह्याकडं?"

मी आत आले. दोन वाजले असतील. खिडकीतून पलंगावर लख्ख ऊन. निर्मला सिस्टर पलंगापाशी उभ्या होत्या.

"मॅडम, हे कोणी केलं? अकराले तं चादर बदलली मी. कोरी होती."

चादरीवर डोक्याच्या अगदी वर एक आडवी निळी रेघ. टाचांपाशी दुसरी. मी यमुनाबाईंचा पाय उचलला. रेघ टाचेखालून सलग गेलेली, कुठं तुटलेली नाही, कुठं फिसकटलेली नाही. आणि तिच्या शेजारी एक छोटी फुली. फुलीभोवती गोल.

पाहताक्षणी ओळखली मी, बाबांची खूण. खोटं कशाला बोलू.

सिस्टर म्हणाल्या, "बसता का जरा?"

"नाही. बाजूच्या वॉर्डातून टेप आणा. स्टीलचा."

रेघेपासून रेघेपर्यंत मोजलं. एकशेसत्तेचाळीस. मग पेशंटला मोजलं. एकशेसत्तेचाळीस. परत मोजलं. तेच.

मग मी पर्समधून बाबांचा टेप काढला आणि पहिल्यांदाच त्याचं सुरुवातीचं टोक नीट पाहिलं. पितळी पत्ती नव्हती. आकडे तेरापासून सुरू. तेव्हा सगळं आठवलं... पत्ती निघाली, टोकाचे धागे सुटले, म्हणून बाबांनी पाच इंच, म्हणजे जवळजवळ तेरा सेंटीमीटर, कापून टाकले होते. कात्री मीच दिली होती हातात. नवीन घ्या म्हटलं तर म्हणाले, "पाच सोडून मोजतो मी. कायले फेकायचा?" ते सोडत. मी सोडले नव्हते. सर समोर होते म्हणून ऐटीत होते, टोकाकडं पाहिलंच नाही.

यमुनाबाईंच्या फुप्फुसात मी चोवीस तास त्यांच्या मापापेक्षा मोठा श्वास भरत होते. ज्या चुकीविरुद्ध मी सगळ्या जगाशी भांडते, तीच चूक.

श्वास दोनशेपंचेचाळीसवर आणला, मिनिटाला किती श्वास तो रेट वाढवला. प्रेशर उतरलं. थोड्या वेळानं अलार्मही थांबला. ऑक्सिजन लगेच सुधारला नाही. संध्याकाळपर्यंत थोडा, दुसऱ्या दिवशी आणखी. अकराव्या दिवशी मशीन काढलं. नंतर यमुनाबाई कांताच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःच्या पायानं बाहेर गेल्या.

चूक सापडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी राउंडला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, माप माझंच चुकलं. कांतालाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच पकडली ना चूक. दुसऱ्यानं सांगितली असती का मले?" राउंडनंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "टेलर मॅडमचं माप चुकलं?"

"चुकलं. फाइलमध्ये लिहिलंय, सही केलीय."

ते थोडे नरमले. "कळलं कसं?"

मी चादरीचं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "हे मात्र लिहू नका."

तिथं लिहिलं नाही. इथं लिहितेय.

चळवळीतले माझे मित्र म्हणतात, तुला आतून शंका होती, तूच रेघा मारल्या असशील. कशानं? खडू माझ्याकडं नव्हता, सबंध आयसीयूत नव्हता. अकरा ते दोन सिस्टर पलंगापासून हलल्या नाहीत, आणि बेशुद्ध बाईची टाच उचलल्याशिवाय तिच्याखाली सरळ रेघ मारता येत नाही. धुलाईवाल्याला जाऊन विचारलं. त्याची खूण कोपऱ्यात असते, काळ्या शाईची. उलट काही नातेवाईक म्हणतात, बाबांचा आत्मा आला, आता काहीतरी कर त्यांच्यासाठी. त्यांनाही सांगते — काही करणार नाही. बाबांनीच शिकवलंय. फोटो का नाही काढला असं विचारणाऱ्यांना एकच सांगते, मशीन अलार्म देत असताना मी डॉक्टर असते, फोटोग्राफर नसते. चादर संध्याकाळी बदलली, धुवायला गेली.

अंदाज बांधून लिहिणं मला जमत नाही. मला माहीत नाही, तर माहीत नाही असंच लिहिणार.

आता आमच्या अभ्यासाच्या फॉर्मवर उंचीच्या रकान्याशेजारी एक रिकामा गोल आहे. पहिलं माप घेणाऱ्यानं त्यात फुली मारायची. दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या टेपनं परत मोजल्याशिवाय मशीनच्या आकड्याला हात लावायचा नाही. नवीन आलेले डॉक्टर विचारतात, मॅडम, ही खूण कुठल्या गाइडलाइनमधली?

मी सांगते, राळेगावच्या बाजारातली.