साडूंनी उभा केलेला तांबडा दगड

निरुपयोगी विषयावर आमच्या साडूंइतक्या तळमळीनं भांडणारा माणूस मी सबंध सांगली जिल्ह्यात पाहिला नाही. लोक बांधावरून भांडतात, पाण्याच्या पाळीवरून भांडतात. आमचे साडू रून्सवरून भांडायचे. रून्स म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांची अक्षरं, दगडालाकडावर कोरायची. साडू तरुणपणी स्वीडनच्या एका गोदीत फिटर होते. तिकडं रस्त्याकडेला असले कोरीव दगड उभे असतात म्हणे. सुट्टीच्या दिवशी बरोबरीची मंडळी बाजार हिंडायची, हे दगड बघत हिंडायचे. पुढं कुपवाडला स्वतःचं लेथचं वर्कशॉप काढलं तरी ते वेड काही गेलं नाही. ड्रिल मशिनवर, पाण्याच्या टाकीवर, एवढंच काय, आमच्या घरी विसरलेल्या छत्रीच्या दांड्यावरसुद्धा त्यांचं नाव त्या लिपीत कोरलेलं असे. ‘आवं, कंगव्यावरबी नाव घालायची ती माणसं,’ असं ते घरच्या माणसांचं कौतुक केल्यासारखं सांगत.

आणि नेमकं याच माणसाच्या बायकोनं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, सांगलीत रून्सचा क्लास लावला. तिचं नाव सुशीला, पण आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. वास्तू, अंकशास्त्र आणि रून्स एकाच छपराखाली शिकवणाऱ्या एका बाईंकडून ती मखमली पिशवी घेऊन आली. पिशवीत अक्षरं कोरलेले गुळगुळीत खडे. मनात प्रश्न धरायचा, खडा काढायचा, की तो भविष्य सांगतो. साडूंनी पिशवी पालथी केली तर त्यात एक कोरा खडा निघाला. बाईंच्या मते तो नियतीचा. साडूंच्या मते कारखान्यात कोरायचा राहून गेलेला. त्यावरून त्यांनी क्लासवर जाऊन बाईंचं बौद्धिक घेतलं. पिशवी काय, कोरा खडा काय, हे सगळं परवापरवाच्या लोकांनी घुसडलेलं. जुन्या लोकांत मंत्रतंत्र नव्हतं असं नाही, पण ते जाणकारानंच करायचं. आजारासाठी कोरलेलं अक्षर चुकलं तर तो उलट बळावतो, अशी त्यांची समजूत. त्या लोकांचा खरा जीव अडकलेला मेलेल्या माणसाच्या नावात. अमक्यानं तमकीसाठी हा दगड उभा केला, एवढंच कोरायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं ते वाचायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि तुमच्या रागासाठी एक खडा काढू या का, असं विचारलं. ही हकीकत सांगताना हसून हसून आक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग आक्का आजारी पडली. मिरजेच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. रोज सकाळी ती पिशवीतून एक खडा काढायची, साडूंपुढं धरायची आणि आज काय म्हणतोय म्हणून विचारायची. ‘ल’ म्हणतोय, साडू सांगायचे. दुसऱ्या दिवशी ‘र’. आम्ही हसायचो, तीही हसायची. पुढं पुढं तिचं हसणं कमी होत गेलं. एकदा मी शेजारी बसलो होतो. तिनं खडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, ‘मी बरी हुनार म्हनतोय, असं सांगा की एकदा. खोटं का असंना.’

साडू त्या खड्याकडं बघत राहिले. ‘अक्षर हाय गं ते,’ एवढंच म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. मग फार वाईटही वाटलं. आयुष्यभर जे खरं मानलं, ते त्यांना तिच्यासाठीही मोडता आलं नाही. थोड्याच दिवसांत आक्का गेली.

तिच्यासाठी त्यांनी दगड उभा केला. इस्लामपूरच्या अलीकडं त्यांचा ऊस आहे, तिथं रस्त्यालगतच्या बांधावर. अक्षरं स्वतः ग्राइंडरनं कोरली आणि जुने लोक रंगवायचे म्हणून तांबड्या रंगानं भरली. मी म्हटलं, हे इथं वाचणार कोण? मराठीत का नाही कोरलंत? त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतकी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. आणि बांधावर तांबडा दगड दिसला की आपल्याकडं त्याचा अर्थ एकच होतो. काही दिवसांत त्यावर शेंदूर चढला, नारळ फुटू लागले आणि लोक कौल लावू लागले. दगडाला ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर काम होणार. हे कळल्यावर साडू गाडी काढून निघाले. आता तिथं हाणामारी होणार या धास्तीनं मीही बरोबर गेलो.

दगडापुढं एक म्हातारी बसली होती. फुलं चिकटवून झाली होती, पण एकही पडत नव्हतं. आम्हाला बघून म्हणाली, ‘आवं, हितं कंचा देव हाय? लेक दवाखान्यात हाय माजी. नाव ठावं न्हाई तर हाक कशी मारू?’

‘देव न्हाई, आजी,’ साडू म्हणाले. मग ते पुढं सरकले, म्हातारीशेजारी मातीत बसले आणि म्हणाले, ‘सुशीला. सुशीला म्हना.’

म्हातारीनं हात जोडले. ‘सुशीलाबाई, बरी हुईल का गं माजी लेक?’

फुलं होती तिथंच होती. म्हातारी साडूंकडं बघू लागली. साडूंनी दगडाला हात लावला.

‘हुईल म्हनतीया,’ ते म्हणाले.

परत येताना गाडी मलाच चालवावी लागली. सांगली येईपर्यंत साडू खिडकीबाहेर तोंड करून बसले होते, आणि मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.