खंडेनवमीला बंदूक चालत नाही

दुबईच्या सगळ्या क्रेन एका सकाळी एकदम माना टाकून झोपल्या, असं मी सांगतो. बायको म्हणते, हळूहळू थांबल्या. तिला गोष्ट सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तर त्या क्रेन झोपल्याला दोन वर्षं होत आली होती. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात माझं कांदे-बटाटे-डाळींचं गोदाम होतं आणि अल क्वोजच्या लेबर कॅम्पांतल्या मेसना मी माल पुरवायचो. कॅम्प रिकामे होत चालले होते. गोदामातल्या कांद्यांना इतके लांब कोंब फुटले होते, की त्यांच्यावर दोरी बांधून कपडे वाळत घालता आले असते.

तिकडे परदेशी माणसाला असा धंदा करायचा तर परवान्यावर एका स्थानिक अरबाची सही लागायची, दरवर्षी नव्याने. त्याला आम्ही अर्बाब म्हणायचो. माझा अर्बाब साठीचा, कमी बोलणारा, मुंबईचं हिंदी बोलणारा माणूस. मंदीत त्याने सह्या दिलेल्या धंद्यांतले काही मालक विमानतळावर गाड्या सोडून पळून गेले आणि निस्तरायला हा एकटा उरला. तेव्हापासून त्याने एकेक नाव गाळायला सुरुवात केली होती. ज्याच्या शब्दावर भरवसा, तोच राहणार. माझी सही यायची होती. ती आली नाही तर गोदाम खलास, व्हिसे खलास आणि मुलीची दहावी अर्धवट सोडून कुटुंबासकट मुंबईचं विमान.

आणि शब्दाच्या बाबतीत माझी परिस्थिती जरा नाजूक होती.

झालं असं, की गोदामाच्या ऑफिसात माझा एक जुना फोटो लावलेला होता. कोकणातलं आमचं अंगण, पाटावर काकाची ठासणीची बंदूक, तिला झेंडूची माळ, हळद-कुंकू, आणि शेजारी मी छाती काढून उभा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं नि अवजारं पुसून पुजतात आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती देतात. गोदामातही मी वजनकाटा, ट्रॉली, पेन, सगळ्याला फुलं वाहायचो. मागे एकदा अर्बाब नेमका त्याच दिवशी आला, फोटोकडे बघून विचारता झाला, की बंदूक कोणाची. मी सांगितलं, आमच्या घराण्याची, आम्ही पिढीजात शिकारी. मग चहा आला आणि चहाबरोबर दोन वाघ आले. दुसऱ्या कपाला एका दमात लोळवलेली तीन रानडुकरं आली. खरं म्हणजे त्या बंदुकीचा घोडा गंजून बसला होता, आणि माकडं पळायची ती काकाच्या शिव्यांना.

त्या वर्षी अर्बाबचा फोन आला. शारजाच्या हद्दीत, वाळवंटात, धैदकडे त्याची बाग होती, खजुरीची झाडं, बकऱ्या, कोंबड्या. कावळ्यांनी उच्छाद मांडला होता. अंडी पळवत, पिल्लं उचलत, बकरीच्या नवजात करडांच्या डोळ्यांना चोची मारत. शस्त्राचा परवाना त्याच्याकडे होताच. त्याला हवी होती पॉइंट टू-टूची हलकी सेमी-ऑटोमॅटिक रायफल, आणि निवडणार कोण, तर मी. फोन ठेवता ठेवता म्हणाला, पुढच्या शुक्रवारी बागेत ये, परवान्याचे कागदही घेऊन ये.

बायकोने कॅलेंडरकडे बोट केलं. पितृपक्ष चालू होता. "अहो, लोक या दिवसांत कावळ्याला घास घालतात. तुम्ही त्याला गोळी घालायला बंदूक निवडणार?"

मी म्हटलं, शारजाचे कावळे आपले पितर नव्हेत, त्यांचा व्हिसा वेगळा. मुलगी पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हिम द ट्रूथ." दोघींना वेगवेगळ्या भाषांत गप्प बसायला सांगून मी कॉम्प्युटरपुढे बसलो.

आठवडाभर मी इतकं वाचलं, की मेडिकलला लागलो असतो. पॉइंट टू-टूला रिमफायर म्हणतात, कारण तिची सुई काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर नव्हे, कडेवर आपटते. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपली आपण नळीत चढते. तिला वाळू चालत नाही, तिचं तंत्र नाजूक. काडतूस कमजोर असेल तर मागचा खटका पुरता सरकत नाही आणि गोळी अडकते. याउलट बोल्टची रायफल हाताने खटका ओढून भरावी लागते. ती संथ, पण वाळवंटात भरवशाची, आणि एका गोळीनंतर माणसाला विचार करायला वेळ देते. म्हणजे उत्तर समोर होतं, बोल्टची घ्यावी.

पण दुकानात उभं राहिल्यावर अर्बाबने काउंटरवरच्या काळ्या कुळकुळीत सेमी-ऑटोमॅटिकवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळला. "तुम तीन सूअर एक साथ मारा था ना? बोल्ट से कैसे मारेगा?"

त्या एसीत पेंग्विन कुडकुडले असते आणि माझी बनियन घामाने भिजली. बोल्टची म्हणावी तर डुकरं खोटी पडतात. मी सेमी-ऑटोमॅटिक उचलली, खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि ऐटीत चाप ओढला. टक्.

पेशावरकडचा दुकानदार असा कळवळला, जणू मी त्याच्या पोराच्या थोबाडीत मारली. रिमफायर रिकामी चालवायची नसते. सुई नळीच्या कडेवरच आपटते नि धातूला खोच पडते. शिकारी घराण्यातल्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, अर्बाबने दोघांकडे. मग मी घसा साफ करून म्हटलं, "यही ठीक है." अर्बाबने माझ्याकडे बघतच पैसे मोजले.

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही बागेत पोचलो. ऊन असं, की सावलीसुद्धा सावली शोधत होती. दहा गोळ्यांचं मॅगझिन भरून अर्बाबने रायफल माझ्या हातात दिली. कागदांची पिशवी माझ्या काखेत. दोन कामगार लांब उभे होते. समोर पाण्याची बुटकी टाकी आणि तिच्या नळावर एक कावळा.

"मारो," अर्बाब म्हणाला.

मी नेम धरला. काकाकडून मी बंदुकीचं एकच शिकलो होतो. तो म्हणायचा, बार टाकण्याआधी जनावर बघू नको रे, जनावराच्या मागे काय आहे ते बघ. मी बघितलं. कावळ्यामागे टाकी, टाकीमागे प्लायवूडच्या खोल्या, दोरीवर वाळणाऱ्या लुंग्या, आणि दाराबाहेर चपलांच्या जोड्या. शुक्रवारची दुपार, आत माणसं झोपलेली. गोळी चुकली तर प्लायवूड पापडासारखं फुटणार, आणि टाकीला लागली तरी उडून कुठेही जाणार.

मी रायफल खाली केली. अर्बाबच्या कपाळाला आठी पडली. त्याने रायफल माझ्या हातातून घेतली आणि स्वतः खांद्याला लावली, त्याच दिशेला. त्याचं बोट चापाकडे सरकलं. एक गोळी जाणार, चुकली की चिडून दुसरी, तिसरी. ती सोय मीच निवडून दिलेली होती.

अर्बाबला त्याच्याच नोकरांसमोर चूक दाखवायची नसते. ज्याची सही हवी त्याला तर नाहीच. कावळा नळावरून हलेना, आणि माझ्या तोंडून निघालं, "अर्बाब, आज नहीं. आज खंडेनवमी है. आज हथियार नहीं चलता."

नळी तशीच राहिली. मग त्याने मान वळवली. "वो फोटोवाला दिन?"

"वही."

नळी खाली आली. तेवढ्यात प्लायवूडचं एक दार उघडलं आणि बनियनमधला एक माणूस बादली घेऊन टाकीकडे आला. कावळा उडाला. माणसाने नळ सोडला, आमच्याकडे बघून सलाम केला आणि बादली भरत राहिला. अर्बाबने त्या बादलीकडे पाहिलं, मग टाकीमागच्या उघड्या दाराकडे. त्याने मॅगझिन काढलं, खटका ओढून आतली गोळी बाहेर पाडली, ती उचलून खिशात टाकली.

मी काखेतले कागद पुढे केले. त्याने खिशाकडे नेलेला हात थांबवला.

"उस दिन पेन भी नहीं चलता ना? तुम्हारे ऑफिस में पेन पे भी फूल था." मग गाडीचं दार उघडत म्हणाला, "दिन खतम होगा तो मैं आएगा. इन्शाल्ला."

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. पितृपक्षात खंडेनवमी आणणारा पहिला हिंदू म्हणून तिने मला हात जोडले. अर्बाब दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. फोन केला तर, इन्शाल्ला. आम्ही मुलीच्या शाळेचा विषय काढणं बंद केलं. तीही काढेना.

मग खरी खंडेनवमी आली. मी म्हटलं, यंदा गोदामात फुलं नकोत. अर्बाब आला तर मेलो. बायको झेंडूची पिशवी घेऊन स्वतः गोदामात आली. "तुमच्या थापेसाठी मी देवाचा दिवस चुकवणार नाही." वजनकाट्याला माळ घातली, ट्रॉलीला कुंकू लावलं, टेबलावरचं पेन फुलांनी झाकून टाकलं. शेवटचं फूल ठेवते न ठेवते तोच दारात पांढरा झगा.

अर्बाबने काटा बघितला, ट्रॉली बघितली, भिंतीवरचा फोटो बघितला. बायकोने पदर सावरून पेढ्यांचा डबा पुढे केला. त्याने पेढा घेतला, सावकाश खाल्ला, आणि मला विचारलं, "एक साल में कितनी बार आता है ये दिन?"

थाप मारायच्या ऐवजी मी दुसरा पेढा पुढे केला. माझ्या आयुष्यातली ही एकमेव वेळ. बायको साक्षीदार आहे.

तो माझ्या खुर्चीत बसला. फुलांखाली बोटं घालून त्याने पेन बाहेर काढलं, टोपणाला चिकटलेली झेंडूची पाकळी झटकली.

"बंदूक दुकान में वापस दे दिया," तो म्हणाला. "बोल्टवाला लिया. मैंने पसंद किया. टंकी के पीछे आदमी सोता है." मग पेन हातात धरून थांबला. "आज हथियार नहीं चलता?"

"नहीं, अर्बाब."

"और पेन?"

"पेन चलता है," बायको म्हणाली.

त्याने कागद पुढे ओढले.